शितावरून भात, एक्सवरून म्यू

शितावरून भाताची परीक्षा करावी, असे आपल्याकडे प्रथम कोण म्हणाले ते कुणालाच ठाऊक नाही. कुणीतरी अनुभवी गृहिणीच असावी! पण नमुन्यावरून अनुमान काढण्याच्या साऱ्या शास्त्राचे बीज त्या एका म्हणीत आहे.

मी मराठी शिकवतो. त्यामुळे संख्याशास्त्राकडे पाहतो ते एक भाषा म्हणून. या भाषेचे व्याकरण मोठे गमतीदार आहे. पातेल्यातला सगळा भात म्हणजे 'समष्टी', चमच्यावर काढलेली शिते म्हणजे 'नमुना'. समष्टीच्या गुणांना बहुधा ग्रीक अक्षरे द्यायची, नमुन्याच्या गुणांना रोमन. समष्टीची सरासरी 'म्यू'. तिच्यातले आकडे त्या सरासरीभोवती किती पांगले आहेत त्याचे माप 'सिग्मा'. नमुन्याची सरासरी म्हणजे डोक्यावर आडवी रेघ घेतलेला 'एक्स', त्यातल्या पांगण्याचे माप 'एस', आणि नमुन्यात नग किती, तो आकडा 'एन'. म्यू हा ग्रीकांचा 'म'. आपल्या 'माध्या'चा म तिथे आयताच जुळतो!

तुम्ही म्हणाल, सरासरी ती सरासरी; तिला दोन चिन्हे कशाला? कारण म्यू एकच असतो, पण सहसा दिसत नाही. एक्स दिसतो, पण दर चमच्याला थोडा बदलतो. दिसणाऱ्यावरून न दिसणाऱ्याविषयी बोलायचे, आणि आपण कितपत चुकू शकतो तेही सांगायचे, याचे नाव अनुमान. त्या चुकीचे माप म्हणजे 'प्रमाण त्रुटी'. एसला एनच्या वर्गमुळाने भागले की तिचा अंदाज मिळतो. एस २० आणि एन १०० असेल तर ती २; एन ४०० केला तर १. चूक निम्मी करायला नमुना चौपट लागतो.

मात्र हा हिशेब खरा ठरतो तो चिठ्ठ्या टाकून काढल्यासारखा निःपक्षपाती नमुना असेल तरच. दिवाळीच्या चिवड्याचा डबा आठवा. दाणे आणि मीठ तळाशी. वरच्या मुठीवरून 'अळणी झाला' म्हणणारा फसायचाच. १९३६ साली अमेरिकेतल्या 'लिटररी डायजेस्ट' साप्ताहिकाचे हेच झाले. त्याने सुमारे एक कोटी मतपत्रिका धाडल्या, वीस लाखांहून अधिक परत आल्या, आणि त्यांवरून लँडन अध्यक्ष होणार असे भाकीत केले. निवडून आले रूझवेल्ट, तेही ४८ पैकी ४६ राज्ये जिंकून! नावे घेतली होती मुख्यतः टेलिफोनच्या आणि मोटारमालकांच्या याद्यांतून. शिवाय ज्यांनी उत्तरे धाडली नाहीत त्यांचे मत निराळे होते. एन अवाढव्य, पण चमचा नुसता वरवर फिरलेला.

हा प्रश्न आपल्या शिवारातही आहे. पूर्वी गावचे पीक किती आणे आले ते अधिकाऱ्याच्या नजरेने ठरे, आणि त्या आणेवारीवर शेतसाऱ्याची सूट अवलंबून असे. नजर चुकली की घरात चूल पेटायची पंचाईत. सातारा जिल्ह्यातल्या बुधचे पां. वा. सुखात्मे आणि त्यांचे सहकारी वि. गो. पानसे यांनी १९४० नंतरच्या दशकात दुसरी रीत रुजवली. शेते यदृच्छेने निवडायची, त्यांत ठराविक मापाचा तुकडा आखायचा, तेवढेच पीक कापून, मळून, तोलायचे. शेत कुठले घ्यायचे, हे ना शेतकऱ्याच्या हाती, ना साहेबाच्या.

म्हणून वर्तमानपत्रात 'सरासरी कुटुंब अमुक इतका खर्च करते' असे वाचाल तेव्हा एवढेच विचारा : हा म्यू की एक्स? एन किती? चुकीचे माप दिले आहे का? आणि मूठ घातली ती डब्याच्या तळापर्यंत पोचली होती ना?