जोडीदार पीत असताना मद्यमुक्त राहणे : गैरसमज आणि वस्तुस्थिती

दारूच्या व्यसनाविषयी आपल्याकडे जे लिहिले-बोलले जाते त्यात पिणारा एक आणि सोसणारा दुसरा अशीच जोडी गृहीत धरलेली असते. परंतु जिथे दोघेही पीत होते आणि एकानेच सोडली, किंवा उपचार घेऊन आलेल्या व्यक्तीचा जोडीदार अजूनही रोज संध्याकाळी बाटली उघडतो, अशा घरांचा विचार क्वचितच होतो आणि तिथे गैरसमजांना मोकळे रान मिळते.

त्यांतला सर्वांत घातक समज असा की, निर्धार पक्का असेल तर समोर ग्लास भरलेला असला तरी काही बिघडत नाही. वर्षानुवर्षे ठरावीक वेळी, ठरावीक खुर्चीत, चकण्याच्या ताटलीसह घेतलेली दारू मेंदूत त्या वेळेशी, वासाशी आणि बर्फाच्या आवाजाशी जोडली गेलेली असते, आणि यांपैकी एखादा संकेत मिळताच तलफ, म्हणजे पिण्याची अनावर ओढ, मनात विचार येण्याआधीच जागी होते. ही शिकलेली प्रतिक्रिया आहे. तिच्यावरून माणसाच्या चारित्र्याची परीक्षा होत नाही. अशी ओढ बहुधा काही मिनिटांत चढते आणि न पिता थांबल्यास ओसरते, म्हणून त्या वेळी खोली सोडणे, फिरायला जाणे किंवा मद्यमुक्त सहकाऱ्याला फोन करणे हा पळपुटेपणा नसून उपचाराचाच भाग ठरतो. घरात बाटली ठेवू नये, निदान नजरेसमोर ठेवू नये आणि आपल्याला ग्लास भरायला सांगू नये, ही मागणीही जोडीदारावरची जबरदस्ती नव्हे. तिच्यात संकोच करण्यासारखे काहीच नाही.

‘सोबत म्हणून नुसती बिअर’ हा आग्रह तर निव्वळ हिशेबाने खोटा पडतो. आपल्याकडच्या व्हिस्कीत साधारण ४२.८ टक्के अल्कोहोल असते, म्हणजे ६० मिलिलिटरच्या पेगमध्ये ते सुमारे २६ मिलिलिटर भरते; ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या ६५० मिलिलिटरच्या बाटलीत मात्र ५२ मिलिलिटर, म्हणजे तशा दोन पेगांइतके अल्कोहोल असते.

आपण सोडली की दुसऱ्याचीही सुटेल, किंवा त्याची सुटल्याशिवाय आपली टिकणार नाही, हे दोन समज वरवर परस्परविरोधी दिसले तरी त्यांचे मूळ एकच आहे : एकाच्या आरोग्याची किल्ली दुसऱ्याच्या हाती देणे. त्यातूनच जोडीदाराच्या जेवणात नकळत डायसल्फिराम मिसळण्याचा अघोरी उपाय केला जातो. हे औषध शरीरात दारूचे विघटन अर्ध्यावर अडवते आणि अॅसिटाल्डिहाइड हा विषारी घटक साचवते, त्यामुळे दारू पोटात जाताच चेहरा लाल होणे, छाती धडधडणे, उलट्या होणे, रक्तदाब कोसळणे असे परिणाम होतात आणि क्वचित मृत्यूही ओढवतो. म्हणून रुग्णाची संमती आणि डॉक्टरांची देखरेख यांशिवाय ते देणे सर्वस्वी गैर आहे. अनेक वर्षे भरपूर पिणाऱ्याची दारू एका दिवसात बंद पाडणेही तितकेच धोक्याचे, कारण पहिल्या दोन-चार दिवसांत फिट्स येणे किंवा डिलिरियम ट्रेमेन्स, म्हणजे भ्रम, थरथर आणि दिशाभान हरपणे, यांची शक्यता असते.

मदत फक्त पिणाऱ्यालाच मिळते, हाही गैरसमजच. दारू सोडू पाहणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स अनॉनिमस या स्वमदत गटाचे सहसंस्थापक बिल विल्सन मद्यमुक्त झाल्यानंतर त्यांच्या पत्नी लोइस यांनी १९५१ साली पिणाऱ्यांच्या आप्तांसाठी अल-अनॉन उभे केले, आणि स्वतः व्यसनातून बाहेर पडून पिणाऱ्या जोडीदारासोबत राहणारी व्यक्ती या दोन्ही गटांच्या बैठकांना जाऊ शकते. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रातही रुग्णांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ हा गट आहे.

संसार मोडलाच पाहिजे, असे वैद्यकशास्त्र सांगत नाही. पण मारहाण होत असेल, किंवा आपली दारू पुन्हा सुरू होण्याची वेळ आली असेल, तर काही काळ वेगळे राहण्यात अपराध नाही. अशा वेळी एकट्याने झुंजू नये : व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि महिलांसाठी १८१ या निःशुल्क हेल्पलाइनवर, जोडीदाराच्या होकाराची वाट न पाहता, आजच फोन करावा.