सूचनेच्या ईमेलला आलेली उत्तरं जातात कुठे?

14 नोव्हेंबर 2016 रोजी ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेत एक चाचणी ईमेल चुकून 8 लाखांहून अधिक खात्यांवर गेली. लोकांनी ‘मला का पाठवली?’ असं सगळ्यांनाच विचारलं. मग ‘सगळ्यांना उत्तर देऊ नका’ हेही सगळ्यांनाच कळवलं गेलं! यंत्रणा काही तास रखडली.

एकतर्फी सूचनेसाठी ईमेल-यादी (एकाच पत्त्यावर लिहिलं की सगळ्यांना जाणारी) करताना म्हणूनच दोन गोष्टी आधी ठरवाव्यात. यादीच्या पत्त्यावर कोण लिहू शकेल, हे पहिलं. ही परवानगी मोजक्यांनाच असली, की बाकीच्यांची उत्तरं सेटिंगप्रमाणे परत जातात किंवा व्यवस्थापकाच्या तपासणीसाठी थांबतात. दुसरं म्हणजे ‘रिप्लाय-टू’. ईमेलमध्ये पाठवणाऱ्याच्या पत्त्याहून वेगळा उत्तराचा पत्ता नोंदवता येतो. उत्तराचं बटण दाबलं की पत्र तिकडे जातं. यादी छोटी असेल, तर सगळे पत्ते ‘बीसीसी’त, म्हणजे एकमेकांना दिसणार नाहीत असे, टाकले तरी भागतं.

‘नो-रिप्लाय’ पत्ता मला मात्र उद्धटपणाच वाटतो. गृहनिर्माण संस्थेनं पाणीकपातीची सूचना पाठवली, तर ‘टँकर येणार का?’ हा प्रश्न येणारच. तो वाचणारं माणूस हवं. आलेलं उत्तर योग्य व्यक्तीकडे पाठवावं आणि लिहिणाऱ्याला तसं कळवावं, पण फक्त त्यालाच. कारण चुकीच्या जागी आलेल्या उत्तरात कधी कुणाचं आजारपण असतं, कधी बँक खात्याचा क्रमांक.