ओव्याचे तेल आणि मधपेटीतील कोळीकीड

ओव्यासारख्या नित्य पोटात जाणाऱ्या जिनसाचे तेल मधमाश्यांना अपाय करणार नाही, असा जो समज मोहने-आंबिवलीकडे परसात मधपेटी ठेवू इच्छिणाऱ्या गृहस्थाच्या मनात सहज उत्पन्न होतो, तो सद्भावनेतून आलेला असला तरी वस्तुस्थितीस धरून नाही. त्या तेलातील थायमॉल, म्हणजे बाजारात ‘ओव्याचे फूल’ म्हणून मिळणारे स्फटिक, कोळीकिडीवर खरोखर गुणकारी आहे, आणि युरोप-अमेरिकेत त्यापासून केलेली औषधे सरकारमान्य आहेत. परंतु ज्या वाफेने कोळी मरतो तीच माशीच्याही श्वासात जाते, आणि दोघांच्या सहनशक्तीत जे थोडके अंतर असते तेवढ्याच्या आधारावर हा सारा उपचार उभा असतो.

ते अंतर सांभाळणे हवेच्या उष्णतेवर फार अवलंबून असते. थायमॉलच्या प्रचलित औषधांना साधारणपणे १५ ते ४० अंश सेल्सिअसची मर्यादा घालून दिलेली असते, कारण थंडीत वाफ पुरेशी सुटत नाही आणि कडक उन्हाळ्यात ती एकदम सुटून माश्या पेटीबाहेर लोंबू लागतात, राणीचे अंडी घालणे मंदावते व कामकरी माश्या अळ्या उपसून टाकतात. कल्याणच्या बाजूस चैत्र-वैशाखात पारा चाळिशीजवळ जात असता, शीत देशातील पुस्तकात सांगितलेली मात्रा येथे जशीच्या तशी देणे, किंवा गुण लवकर यावा म्हणून तीत आणखी भर घालणे, हा माश्यांवर अन्याय आहे.

एकदा तेल ठेवले की कीड निपटली, हेही खरे नाही. या कोळीकिडीची, म्हणजे व्हारोआची, सुमारे दीड मिलिमीटर रुंदीची तांबूस मादी अळीच्या घरात शिरते आणि ते मेणाने बंद झाल्यावर आतच आपली प्रजा वाढविते. वाफ त्या झाकणापलीकडे पुरेशी पोहोचत नाही. मेलिफेरा या युरोपीय माशीच्या कामकऱ्यांची घरे सुमारे १२ दिवस बंद राहत असल्यामुळे उपचाराची मुदत काही आठवड्यांची ठेवावी लागते.

सर्वांत मोठा गैरसमज आपल्या देशी सातेरी माशीविषयी आहे, की तिलाही हा उपचार दरसाल लागतो. व्हारोआचे पहिले वर्णन १९०४ साली झाले, ते जावा बेटातील सातेरीच्याच जातीच्या माशीवरून. दीर्घ सहवासामुळे या जातीत कीड मुख्यतः नरांच्या घरांतच वाढते, आणि कामकरी माश्या ती अंगावरून वेचून काढतात. संहार झाला तो युरोपातून आणलेल्या मेलिफेराचा. म्हणून मेलिफेरासाठी ठरलेला उपचार निरोगी सातेरीवर सालाबादप्रमाणे करीत राहण्यास काही आधार नाही. उलट १९९१-९२ च्या सुमारास दक्षिण भारतात सातेरीच्या वसाहती ज्या थाई सॅकब्रूडने उद्ध्वस्त झाल्या तो विषाणूजन्य रोग होता, आणि त्यावर कोणतेही तेल चालत नाही. अळ्या मरताना दिसल्या तर बाटली उघडण्यापूर्वी निदान करून घ्यावे; पुण्यात १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे.

मध भरण्याच्या हंगामात मात्र थायमॉल पेटीत ठेवूच नये, कारण तो मधात उतरतो आणि त्याची औषधी चव मध खाणाऱ्याच्या जिभेस कळते.