सुभेदार मास्तर

दिवाळी सरली की सिरसाळ्याच्या रस्त्यावर निराळीच लगबग सुरू होते. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांत भांडीकुंडी, बोचकी, सरपण चढतं आणि त्यावर पोरंही बसतात. कोयता घेऊन घरंच्या घरं साखर कारखान्यांकडे निघतात. हरभऱ्याच्या पेरणीचं सांगायला गावोगाव हिंडताना हे मी कैक वर्षं पाहतो आहे. गेल्या साली ट्रॉलीत चढणाऱ्या एका माउलीला म्हणालो, "बाई, पोराला इथंच शाळेत ठेवा की." ती म्हणाली, "कुणाच्या जिवावर ठेवू, साहेब?"

वाचकहो, तिला तेव्हा मला नीट उत्तर देता आलं नाही. आज एका पलटणीतल्या मास्तरांची हकिकत सांगतो.

याच दिवसांत, ७ नोव्हेंबरला, राज्यातल्या शाळांत विद्यार्थी दिवस पाळतात. सन १९०० मध्ये त्या तारखेला साताऱ्याच्या सरकारी शाळेच्या पटावर भिवा रामजी आंबेडकर हे नाव चढलं. भिवाचे पुढं बाबासाहेब झाले, ते तुम्हांला ठाऊकच आहे. मला सांगायचं आहे ते त्यांच्या वडिलांचं.

रामजी मालोजी सकपाळ हे रत्नागिरी जिल्ह्यातल्या आंबडवे गावचे. वडील मालोजी पलटणीतच होते. अस्पृश्य मानलेल्या घरातल्या मुलाला त्या काळी गावात अक्षर मिळणं कठीण. पलटणीत मात्र शिपायांना आणि त्यांच्या मुलांना शिकवलं जाई. रामजी तिथं शिकले, मास्तर झाले, चौदा वर्षं लष्करी शाळेचे हेडमास्तर होते आणि सुभेदार पदापर्यंत चढले. महूच्या छावणीत १४ एप्रिल १८९१ रोजी भिवाचा जन्म झाला. हे त्यांचं चौदावं अपत्य. पुढं थोड्याच वर्षांत रामजी पेन्शनीत निघाले. शिकवणं मात्र सुटलं नाही, फक्त वर्ग घरात आला.

पेन्शनवर भागेना म्हणून त्यांनी नोकरी धरली. खटाव तालुक्यात गोरेगावला दुष्काळी कामावर तलाव खोदत होते, तिथं ते रोखपाल होते. बायको वारलेली. मुलं साताऱ्यात आत्याजवळ ठेवली, कारण शाळा साताऱ्यात होती. आत्या मायाळू, पण पायानं अधू, उठायलाही दुसऱ्याचा आधार लागे. पोरं आपल्या हातानं भात शिजवून खात. वर्गात भिवाला वेगळं बसावं लागे, बसायचं गोणपाट घरून न्यावं लागे. बापाला हे दिसत नव्हतं असं थोडंच आहे? तरी त्यांनी मुलाला कामावर नेलं नाही.

पुढं मुंबईला परळच्या चाळीत एकच खोली. स्वयंपाक, झोपणं, अभ्यास सारं तिथंच. मुलगा एल्फिन्स्टन हायस्कुलात जाई. त्याला लवकर निजवून म्हातारा स्वतः जागा राही आणि रात्री दोनला त्याला उठवून मग आपण अंग टेकी. आपल्याकडे रात्रपाळीच्या विजेवर पिकाला पाणी देणाऱ्यांना या जागरणाची किंमत वेगळी सांगायला नको. इंग्रजी त्यांनी तर्खडकरांच्या पुस्तकावरून पक्कं करून घेतलं. संध्याकाळी रामायण-महाभारत मोठ्यानं वाचायला लावत. शिस्त कडक होती, माझ्या मते जरा जास्तच. पण मुलानं पुस्तक मागितलं आणि हातात पैसा नसला, तर सुभेदार लग्न झालेल्या लेकींच्या दारी जात, दागिना मागून आणून गहाण टाकत आणि पेन्शन आली की सोडवून परत देत. लेकींनीही दिला, हेही विसरू नये.

१९०७ साली भिवा मॅट्रिक झाला. १९१२ मध्ये बी.ए. मराठवाड्यात कॉलेजची वानवा असताना १९५० साली औरंगाबादेत याच मुलानं कॉलेज काढलं, तेच आजचं मिलिंद. आपल्या बीडकडची किती पोरं तिथं शिकून आली!

त्या माउलीला आता भेटलो तर सांगेन, की बाई, आत्या, मावशी, आजी कुणी असेल तिच्याजवळ ठेवा. हंगामी वसतिगृह निघालं असेल तर हेडमास्तरांना आजच विचारा. ट्रॉली सुटायच्या आधी विचारा, मागून विचारून उपयोग नाही.

सुभेदारांना मुलाचं पुढचं काही पाहायला मिळालं नाही. १९१३ च्या जानेवारीत मुलगा बडोद्याला नोकरीवर गेला आणि थोड्याच दिवसांत वडील अत्यवस्थ असल्याची तार आली. मुंबईला येताना तो वडिलांसाठी मिठाई घ्यायला सुरतेला उतरला आणि तेवढ्यात गाडी सुटली. घरी पोचला तेव्हा म्हातारा वाट पाहत होता. मुलाच्या पाठीवर हात फिरवला, आणि २ फेब्रुवारीला डोळे मिटले.