घरीं पहावयाचे रहस्यपट

लोणी भापकर हें आमचें गांव बारामती तालुक्यांत, मोरगांवच्या बाजूस आहे. आमच्या वडील मंडळींनीं पहिले बोलपट पाहिले ते जत्रेच्या तंबूंत, पडद्याच्या दोन्ही अंगांस बसून. आतां चित्रपट माजघरांतच येतो. सोय मोठीच झाली; परंतु तंबूच्या दाराशीं तिकीट पाहणारा जो मनुष्य असे, तो घराच्या उंबऱ्यावर नाहीं. त्याचें काम घरांतील कोणी तरी केलें पाहिजे. खुनाचे व रहस्याचे चित्रपट असतील तर विशेषच.

हें आम्हांस आमच्याच चुकीनें कळलें. एक खुनाचा चित्रपट आम्ही एकट्यानें पाहिला, तो आवडला, आणि “उत्तम आहे, सर्वांनीं पहावा” एवढेंच घरीं सांगितलें. रात्रीं जेवणें आटोपून सारीं मंडळी बसलीं. त्यांत आमची सात वर्षांची पुतणीहि होती. गळा दाबण्याचा प्रसंग आला तेव्हां ती आजीच्या पदराआड केव्हां गेली, हें आमच्या ध्यानींहि आलें नाहीं. पुढें पंधरा दिवस दिवेलागणीनंतर ती अंगणांत एकटी जाईना. चित्रपट वाईट नव्हता. तो कोणीं पहावा हें सांगावयाचें आम्ही विसरलों होतों.

सरकारी प्रमाणपत्राचा ह्या कामीं थोडा उपयोग होतो. २०२३ सालीं चित्रपट कायद्यांत दुरुस्ती होऊन, पालकांच्या देखरेखीखालीं पहावयाच्या चित्रपटांचे सात, तेरा व सोळा वर्षें असे तीन टप्पे झाले. परंतु नुसत्या आंकड्यावरून भीति रक्ताची आहे, शिव्यांची आहे, कीं केवळ अंधारांत वाजणाऱ्या पावलांची आहे, तें कळत नाहीं. परीक्षकानें तें नांव घेऊन सांगावें.

आतां रहस्य म्हणजे काय तें पाहूं. प्रसिद्ध दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक ह्यानें फ्रान्स्वा त्रूफो ह्याच्याशीं १९६२ सालीं झालेल्या संभाषणांत त्याचा मोठा सुबोध खुलासा केला आहे. दोन माणसें मेजाशीं गप्पा मारीत आहेत व खालीं बॉम्ब आहे. प्रेक्षकांस तो ठाऊक नसेल तर स्फोटानें क्षणभर दचकणें एवढेंच घडतें. ठाऊक असेल, तर त्याच निरर्थक गप्पा ऐकतांना जीव टांगणीस लागतो. म्हणून परीक्षण करतांना आपण किती वेळां दचकलों हें मोजूं नये. श्वास कोठें रोखून धरला, तें आठवावें.

ह्या दृष्टीनें मराठींतील ‘पाठलाग’ हा नमुना म्हणून घेण्याजोगा आहे. जयंत देवकुळे ह्यांच्या ‘आशा परत येते’ ह्या कादंबरीवरून राजा परांजपे ह्यांनीं तो १९६४ सालीं काढला. काशिनाथ घाणेकर व भावना ह्यांच्या त्यांत प्रमुख भूमिका आहेत. पत्नीच्या मृत्यूनें खचलेल्या एका वकिलासमोर हुबेहूब तिच्यासारखी दिसणारी एक आरोपी स्त्री येते आणि ‘मी तुमचीच पत्नी’ असें म्हणते. ह्यापुढें आम्ही एक अक्षरहि सांगणार नाहीं! सारी ओढ ह्या एका प्रश्नाची आहे, रक्तपाताची नव्हे. आजीपासून नातवापर्यंत सर्वांनीं एकत्र बसावें असा हा चित्रपट आहे. राज खोसला ह्यांचा ‘मेरा साया’ (१९६६) ह्याचाच हिंदी अवतार. तो ज्यांनीं पाहिला आहे त्यांस उत्तर आधींच ठाऊक असतें. त्यांनीं कृपा करून मौन पाळावें.

सांगण्याची मर्यादा ही अशी नाजूक आहे. गुन्हेगाराचें नांव फोडूं नये हें सर्वांस समजतें. परंतु “शेवटीं थक्क व्हाल” एवढें म्हटल्यानेंहि प्रेक्षक पहिल्यापासून शेवट हुडकूं लागतो व मधल्या गोष्टीस मुकतो.

घरच्या पाहण्याची आणखी एक अडचण आहे. ‘सायको’ (१९६०) च्या वेळीं हिचकॉकनें खेळ सुरू झाल्यावर कोणासहि आंत सोडूं नये असा दंडक घातला होता. घरीं एक पाणी प्यावयास उठतो, दुसऱ्याचा मोबाइल वाजतो, आणि नेमका धागा हातचा जातो. तेव्हां कोणत्या भागांत उठूं नये, हेंहि परीक्षकानें खुशाल सांगावें.

प्रत्यक्ष घडलेल्या गुन्ह्यांवरील चित्रपटांची गोष्ट निराळी. १९७६-७७ सालीं पुण्यांत जोशी-अभ्यंकर हत्याकांड घडलें. चौघां गुन्हेगारांस १९८३ सालीं येरवड्यास फांशी झाली. त्या घटनांवरून ‘माफीचा साक्षीदार’ हा चित्रपट निघाला. तेथें आम्ही धागेदोरे मागाहून पाहतों. मारला गेलेला मनुष्य कोणाचा तरी बाप किंवा कोणाची तरी आई होती, हें पडद्यावर जाणवतें काय, कीं तो केवळ कथेला लागणारें एक प्रेत आहे? दुसरा प्रकार असेल तर कौशल्य कितीहि असो, आम्ही तो मुलांपुढें लावीत नाहीं.

पुतणी आतां बारा वर्षांची आहे. गेल्या सुटींत तिनें ‘पाठलाग’ दोनदां पाहिला. दुसऱ्या वेळीं उत्तर ठाऊक असूनहि ती जागची हालली नाहीं, आणि चित्रपट संपतांच वही घेऊन बसली. पहिल्या खेपेस नजरेंतून निसटलेल्या खुणांची तिनें यादी केली आहे. त्यांतील दोन आमच्याहि नजरेंतून सुटल्या होत्या.