छातीतील जळजळ : गोळीपूर्वीचे उपाय

रात्रीचे जेवण उशिरा व्हावे, अंथरुणाला पाठ टेकताच छातीत जळजळ सुरू व्हावी, आंबट पाणी घशाशी यावे आणि उशाशी ठेवलेली गोळी घेऊन झोपी जावे, हा क्रम आज अनेक घरांत नित्याचा झाला आहे. गोळीने त्रास शमतो. मात्र तो का होतो, याचा विचार मागे पडतो.

अन्ननलिका व जठर जेथे मिळतात, तेथे स्नायूंचे एक वलय असते. घास उतरताना ते उघडते व लगेच मिटते. जठराचे अस्तर तीव्र आम्ल सहन करते. अन्ननलिकेला तसे संरक्षण नसते. वलय सैल पडले किंवा पोटावरील दाब वाढला, की आम्ल वर चढते व दाह होतो.

हे ध्यानी घेतले म्हणजे पथ्याचे मर्म कळते. जेवण व झोप यांत किमान 2 ते 3 तासांचे अंतर असावे. एकदाच भरपेट जेवण्यापेक्षा थोडे थोडे, सावकाश खावे. जेवणानंतर शतपावली घालण्याची आपली जुनी रीत हितावह आहे. वामकुक्षी म्हणजे डाव्या कुशीवरील विश्रांती. डाव्या कुशीवर जठर अन्ननलिकेच्या खालच्या पातळीवर राहते. मात्र जेवताच आडवे होऊ नये. रात्री झोपताना ही कूस धरावी. रात्री त्रास होत असल्यास पलंगाच्या उशाकडील पायांखाली 6 ते 8 इंचांचे भक्कम ठोकळे द्यावेत. नुसत्या उशा वाढविल्याने कंबरेत वाक येऊन पोटावर दाब पडतो.

वाढलेले वजन व घट्ट कमरपट्टा यांनीही हा दाब वाढतो. तंबाखू व मद्य यांमुळे वलय शिथिल होते. म्हणून ही व्यसने सोडणे श्रेयस्कर. तळलेले पदार्थ, झणझणीत रस्सा, चहा-कॉफी यांचा त्रास प्रत्येकास सारखा होत नाही. आम्हा हिशेब ठेवणाऱ्यांची एक सवय येथे उपयोगी पडेल : दोन आठवडे काय खाल्ले, केव्हा खाल्ले व त्रास केव्हा झाला, याची नोंद ठेवावी. आपले अपथ्य त्या वहीतच सापडते. खाण्याचा सोडा वारंवार घेऊ नये. त्यातील सोडियम रक्तदाबाच्या रुग्णांस अपायकारक ठरते.

या उपायांना मर्यादाही आहेत. गिळताना अडकणे, विनाकारण वजन घटणे, रक्ताची उलटी वा डांबरासारखी काळी शौचास होणे, ही लक्षणे दिसताच डॉक्टरांकडे जावे. आठवड्यातून दोन-तीनदा जळजळ होत असेल, तरीही तपासणी करून घ्यावी. छातीत दडपण, घाम, धाप, किंवा हात अथवा जबडा यांकडे पसरणारी वेदना असल्यास ‘ॲसिडिटी असेल’ म्हणून घरी थांबू नये. हा हृदयविकाराचा झटका असू शकतो. तत्काळ रुग्णालय गाठून ईसीजी काढावा. अशा वेळी गमावलेला एकेक तास हृदयाच्या स्नायूची हानी वाढवितो.

धर्मादाय रुग्णालयात उपचारासाठी येणाऱ्या अनेकांना रोजच्या गोळीचा खर्चही जड जातो. लवकर जेवणे, थोडे चालणे व तंबाखू सोडणे यांस मात्र पैसा लागत नाही. डॉक्टरांनी दिलेले औषध परस्पर बंद करू नये. त्याच्या जोडीला या सवयी घरोघरी रुजाव्यात, ही आमच्या सर्व हितचिंतकांस नम्र विनंती.