ओढणारी चाके, ढकलणारी चाके

इंजिनाची शक्ती चाकांपर्यंत पोहोचवणाऱ्या साखळीला ड्राइव्हट्रेन म्हणतात. क्लच, गिअरबॉक्स, शाफ्ट, डिफरन्शियल आणि ॲक्सल हे तिचे मुख्य दुवे. शक्ती पुढच्या चाकांना मिळते, मागच्या की चारही, यावरून मोटारींचे तीन प्रकार पडतात.

या साखळीतला डिफरन्शियल वाराणसीत रस्त्यावरच पाहता येतो. ई-रिक्षाच्या मागून वाकून पाहिले, की दोन चाकांना जोडणाऱ्या ॲक्सलवर एक फुगीर डबा दिसतो. वळण घेताना बाहेरचे चाक आतल्यापेक्षा जास्त अंतर कापते. दोघांना वेगवेगळ्या गतीने फिरू देण्याचे काम या डब्यातले गिअर करतात. त्याची एक उणीवही आहे. एक चाक चिखलात अडकले, की तेच गरगर फिरत राहते आणि कोरड्या जमिनीवरचे चाक जागचे हलत नाही.

पुढच्या चाकांनी ओढली जाणारी मोटार भारतात घरोघरी पोहोचली ती डिसेंबर 1983 मध्ये आलेल्या मारुती 800 मुळे. तिचे इंजिन आडवे बसवलेले होते आणि गिअरबॉक्स त्यालाच जोडलेला होता. त्यामुळे मागपर्यंत जाणारा लांब शाफ्ट लागत नाही, वजन आणि खर्च कमी होतो, आत पाय ठेवायला जागा मिळते. इंजिनाचा भार ओढणाऱ्या चाकांवरच असल्याने ओल्या रस्त्यावर पकडही चांगली राहते. आजच्या बहुतेक छोट्या मोटारी याच रचनेच्या आहेत. गोदौलिया, लंका किंवा सिगरा भागातल्या गर्दीत आणि रिंग रोडवर रोज चालणाऱ्या मोटारीला ती पुरेशी आहे. मात्र गाडी भरलेली असताना खड्या, निसरड्या चढावर भार मागे सरकतो आणि पुढची चाके घसरू लागतात.

मागच्या चाकांनी ढकलली जाणारी मोटार नेमकी इथे सरस ठरते. ॲम्बॅसेडर आणि मुंबईत कुर्ल्याला बनणारी प्रीमियर पद्मिनी याच प्रकारातल्या. 1984 च्या मारुती व्हॅनला इंजिन 800 चेच होते, पण माणसे आणि माल वाहायचा असल्याने शक्ती मागच्या चाकांना दिलेली होती. नागपूर, जबलपूर, रीवा असा प्रवास करून काशीला येणाऱ्या सात-आठ माणसांच्या कुटुंबाला, टपावर सामान असताना, अशी गाडी सोयीची पडते. इनोव्हा क्रिस्टा मागच्या चाकांवर चालते. इनोव्हा हायक्रॉस मात्र पुढच्या. नाव सारखे असले तरी रचना वेगळी असू शकते.

चारही चाकांना शक्ती देण्याचे दोन मार्ग आहेत. थारसारख्या गाडीत चालक ट्रान्सफर केसच्या, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांत शक्ती वाटणाऱ्या गिअरपेटीच्या दांड्याने पुढची चाके जोडतो. 4एल स्थितीत वेग कमी होतो आणि जोर वाढतो. घाटांसमोर, गंगेच्या पूर्व तीरावर पूर ओसरल्यावर पसरणाऱ्या वाळूत किंवा दक्षिणेकडे सोनभद्रच्या डोंगराळ कच्च्या वाटांवर याचा उपयोग होतो. कोरड्या डांबरी रस्त्यावर मात्र ही जोडणी चालू ठेवू नये. टायर झिजतात आणि गिअरवर ताण येतो. दुसऱ्या, ऑल-व्हील ड्राइव्ह प्रकारात चाके घसरू लागताच यंत्रणा आपोआप शक्ती वाटून देते. दोन्हींत वजन, इंधन आणि देखभालीचा खर्च वाढतो. जानेवारी 2023 मध्ये थारही फक्त मागची चाके फिरवणाऱ्या, स्वस्त रूपात आली.

विजेवरच्या मोटारीत मांडणी सोपी होते. वाराणसीतल्या बनारस रेल्वे इंजिन कारखान्यात बनणाऱ्या, विजेवरच्याच डब्ल्यूएपी-7 रेल्वे इंजिनाच्या सहाही ॲक्सलना स्वतंत्र मोटर असते. मोटारगाडीतही पुढे एक आणि मागे एक मोटर बसवली, की मधल्या शाफ्टशिवाय चारही चाके चालतात. नेक्सॉन ईव्हीची मोटर पुढे असते, एमजी कॉमेटची मागे.

ब्रेक तिन्ही प्रकारांत चारही चाकांनाच लागतात. त्यामुळे चारही चाके चालवणारी गाडी ओल्या रस्त्यावर लवकर निघते, पण लवकर थांबत नाही; थांबणे टायरच्या पकडीवर अवलंबून असते. म्हणून खरेदीपूर्वी गाडी वर्षातले बहुतेक दिवस कोणत्या रस्त्यावर आणि किती भार घेऊन धावणार, हे ठरवावे आणि त्या व्हेरिएंटची कोणती चाके फिरतात ते माहितीपत्रकात तपासावे. वर्षातून एखाद्या वेळी लागणाऱ्या वाळूसाठी रोजच्या इंधनाचा भुर्दंड सोसण्यात हशील नसते.